अश्वशिक्षण व अश्वनिगा : भीमेच्या खोऱ्यातील परंपरा

वछेऱ्यास, म्हणजे वयात येणाऱ्या घोड्यास, स्वारीसाठी तयार करणे आणि त्याचे आरोग्य राखणे ही एकाच विद्येची दोन अंगे होत. महाराष्ट्रात या विद्येस मराठा अमदानीत विशेष महत्त्व आले. आजच्या पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यातून वाहणाऱ्या पवना, इंद्रायणी व भामा या नद्यांचे पाणी अखेर भीमेस मिळते. या भीमेच्या खोऱ्यातील ठेंगण्या पण काटक घोड्यास ‘भीमथडी’ हे नाव मिळाले. स्थानिक तट्टांचा अरबी व तुर्की घोड्यांशी संकर होऊन ही जात निर्माण झाली, असे मानतात. थोड्या चाऱ्यावर निभावणे व डोंगराळ मुलखात लांबची मजल मारणे, हे तिचे गुण होत.

भारतातील अश्वविद्येची परंपरा शालिहोत्र या ऋषीपासून मानली जाते. घोड्यांच्या वैद्यास मराठीत ‘साळोत्री’ म्हणतात, तो शब्द या नावावरूनच आला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (सु. ११२९) या ग्रंथातही घोड्यांची परीक्षा व त्यांना चालविण्याची रीत यांचे विवेचन आढळते.

शिक्षण : शिंगरू सुमारे सहा महिन्यांचे झाले, की त्यास आईपासून तोडतात. प्रथम त्यास माणसाच्या स्पर्शाची, दोराची व पाय उचलू देण्याची सवय लावावी लागते. पुढील काम चाबुकस्वाराचे असते. तो वछेऱ्यास लांब दोरावर धरून वर्तुळात फिरवितो. यास ‘कावा देणे’ म्हणत. कावा दोन्ही अंगांनी द्यावा लागतो, अन्यथा घोडा एकाच बाजूस वळण्यास सरावतो. नंतर क्रमाने लगाम, तंग व खोगीर यांची ओळख करून दिली जाते आणि शेवटी स्वार पाठीवर बसतो. या क्रमात घाई करणे घातक ठरते. घोड्याच्या पायांच्या खालच्या हाडांची वाढ लवकर पुरी होत असली, तरी पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या सुमारास किंवा त्यानंतर संपते. कायमचे पुढचे दात सुमारे अडीच, साडेतीन व साडेचार वर्षांच्या वयात जोडीजोडीने येतात. त्यामुळे दात पाहून वय ठरविण्याची जुनी रीत वछेऱ्यावर किती भार घालावा, हे ठरविण्यासही उपयोगी पडे.

निगा : घोड्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते व त्यास ओकारी करता येत नाही. त्यामुळे एकाच वेळी फार धान्य दिल्यास पोटशूळ उठून तो दगावण्याचा संभव असतो. चंदी थोडी थोडी, ठरल्या वेळी देण्याचा पागेतील नियम याच कारणाने आवश्यक होता. दाण्याचा अतिरेक झाल्यास खुरांच्या आतील नाजूक भागाचाही दाह होतो. मोतद्दार रोज खरारा करी. त्यामुळे अंग स्वच्छ होई आणि खोगिराने पडलेले घट्टे, सूज किंवा जखम वेळीच ध्यानात येई. निरोगी प्रौढ घोड्याची नाडी विश्रांतीच्या वेळी मिनिटास सुमारे २८ ते ४४ व शरीराचे तापमान सुमारे ३७·५° ते ३८·५° से. असते.

मराठा अमदानी : मराठा घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. बारगीरास घोडा सरकारी पागेतून मिळे. शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे. घोडा मेल्यास शिलेदाराचे उपजीविकेचे साधनच नाहीसे होई. साहजिकच रणांगणावर घोडा जपण्याकडे त्याचा कल राही. शिवाजी महाराजांनी पागेस प्राधान्य देऊन हा बोजा राज्याकडे घेतला. सभासदाच्या बखरीत (१६९७) पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचा उल्लेख आहे. घोड्याचे पाणी व खूर यांची जबाबदारी अशा रीतीने निश्चित केलेली होती.

चिपळूणनजीकच्या छावणीतील अंमलदारांना महाराजांनी पाठविलेले पत्र (सु. १६७३) या दृष्टीने महत्त्वाचे आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आधीच मनास येईल तशी खर्चल्यास पुढे घोडे उपाशी मरतील व त्यांच्या मृत्यूचा दोष अंमलदारांवर येईल, असे त्यात बजावले आहे. सामग्री संपली, की लोक रयतेकडून दाणा व वैरण ओरबाडतील, हे भयही त्यात स्पष्ट आहे. उंदराने पेटती वात ओढून नेल्यास गंज्या जळतील, म्हणून दिव्याबाबत सावध राहण्याची सूचनाही आहे. घोड्याची निगा हा राज्यकारभाराचा व रयतेच्या सुरक्षिततेचा प्रश्न होता, हे या पत्रावरून दिसते.

आधुनिक काळ : इंग्रजी अमदानीत साळोत्र्याच्या अनुभवास प्रयोगशाळेची जोड मिळाली. पुणे येथे १८६२ मध्ये लष्करी पशुवैद्यक शाळा व मुंबईत १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. घोड्यांना जर्जर करणाऱ्या सर्रा या रोगाचा परजीवी ग्रिफिथ एव्हान्स यांनी १८८० मध्ये शोधला. १८८९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सूक्ष्मजंतुशास्त्रीय प्रयोगशाळेचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी या रोगाचा पुढे अभ्यास केला. ही प्रयोगशाळा १८९३ मध्ये मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचे मूळ तीत आहे.

यांत्रिक वाहनांमुळे घोडदळाचे युग संपले. भीमथडी घोडा मात्र पुणे, सातारा, सोलापूर व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील भटक्या धनगरांनी बिऱ्हाड वाहण्यासाठी टिकवून धरला. एकविसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. पिंपरी येथे घोड्याचा वेगळाच उपयोग होऊ लागला. हाफकिन संस्थेचा उत्पादन विभाग १९७५ मध्ये स्वतंत्र महामंडळ झाला. त्याच्या पिंपरी येथील केंद्रात सर्पदंशावरील प्रतिविष तयार करण्यासाठी घोडे पाळण्यात आले. सर्पविषाच्या वाढत्या, पण सोसतील इतक्याच मात्रा टोचून घोड्याच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण केली जातात व त्या रक्तापासून औषध बनते. अशा घोड्यासही सुईची व माणसाच्या हाताची सवय लावावी लागते आणि त्याच्या प्रकृतीत बिघाड होऊन चालत नाही. पूर्वी घोड्याच्या आरोग्यावर स्वाराचे प्राण अवलंबून असत. येथे ते सर्पदंश झालेल्या शेतकऱ्याचे व मजुराचे अवलंबून असतात.