भेंडी नसलेला गंबो

न्यू ऑर्लिन्समध्ये ऑर्लिन्स ॲव्हेन्यूवर 'डूकी चेस' नावाचं रेस्तराँ आहे. तिथे जेवायला जाण्याआधी मी थोडा गृहपाठ केला होता. 'गंबो' हा शब्द आफ्रिकेतल्या बांटू भाषांमधून आला आणि त्याचा मूळ अर्थ भेंडी, एवढं मला ठाऊक होतं. आपल्या ताटातली भेंडी जिथून आली त्याच खंडातून ती गुलामांबरोबर तिकडेही गेली. त्यामुळे वाडगा समोर येताच मी चमच्याने भेंडी शोधू लागलो. कोळंबी होती, खेकडा होता, कोंबडी होती, सॉसेजचे तुकडे होते, मध्ये भाताची मूद होती. भेंडी मात्र नव्हती. वाढणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "यात फिले असतं. भेंडीचा गंबो वेगळा."

फिले म्हणजे ससाफ्रास झाडाच्या वाळवलेल्या पानांची पूड. ती वापरायला नव्या लोकांना शिकवलं ते तिथल्या मूळच्या चॉक्टॉ लोकांनी. रस्सा दाट करण्यासाठी पीठ तुपातेलात तांबूस होईपर्यंत परतायची रीत फ्रेंचांची. नाव आफ्रिकनांचं. तिन्ही गोष्टी एका वाडग्यात नांदतात, पण ज्यांच्याकडून त्या आल्या ते लोक एका पंगतीला कधी बसले, हा इतिहास वेगळा आहे.

'क्रिओल' म्हणजे मुळात वसाहतीत जन्मलेला माणूस. पुढे लुईझियानात फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकन रक्ताच्या मिश्र समाजालाही हे नाव पडलं. त्यातले कित्येक जण गुलामगिरी संपण्याआधीपासूनच स्वतंत्र होते. गवंडीकाम, सुतारकाम, शिवणकाम, वादन यांवर त्यांनी जम बसवला होता. त्रेमे ही त्यांची जुनी वस्ती, आणि डूकी चेस तिथेच आहे. १८०३ साली अमेरिकेने फ्रान्सकडून लुईझियाना विकत घेतलं. अमेरिकेच्या हिशोबात पुढे दोनच रकाने उरले, गोरे आणि काळे. मधल्यांना जागा नव्हती.

७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी नावाचा एक क्रिओल तरुण रेल्वेच्या गोऱ्यांच्या डब्यात जाऊन बसला. तो जोडे बनवण्याचा व्यवसाय करी आणि दिसायला जवळजवळ गोराच होता. वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान देण्यासाठी शहरातल्या नागरिक समितीने हे ठरवून केलं होतं. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्याविरुद्ध दिला. 'वेगळे पण समान' हे तत्त्व कायदेशीर ठरलं आणि डब्यातून ते शाळेत, दवाखान्यात, खाणावळीत पसरलं. याच शहराच्या फ्रेंच क्वार्टरमध्ये १८४०पासून चालू असलेलं 'आंत्वान्स' आहे. त्या भागातल्या कितीतरी स्वयंपाकघरांत काळे हात राबत, पण त्या हातांच्या धन्यांना बाहेरच्या टेबलावर बसायची मुभा नव्हती.

डूकी चेस १९४१ साली सुरू झालं तेव्हा ते सँडविच आणि लॉटरीची तिकिटं विकणारं छोटं दुकान होतं. १९४६ मध्ये मालकांच्या ट्रंपेट वाजवणाऱ्या मुलाशी लग्न करून लिआ चेस या घरात आल्या. त्यांचं बालपण मॅडिसनव्हिल या गावात गेलं. तिथे काळ्या मुलांसाठी कॅथलिक हायस्कूल नव्हतं म्हणून त्या शिकायला शहरात आल्या होत्या. फ्रेंच क्वार्टरमध्ये वाढपीण म्हणून काम करताना त्यांनी टेबलक्लॉथ, काचेचे पेले, मेन्यूकार्ड हे सगळं पाहिलं. ते आपल्या माणसांनाही मिळायला हवं, एवढा साधा हट्ट त्यांनी धरला आणि सँडविचच्या दुकानाचं रेस्तराँ केलं.

या टेबलांनी पुढे मोठं काम केलं. गोऱ्या-काळ्यांनी हॉटेलात एकत्र बसून जेवणं हा तेव्हा गुन्हा होता. तरीही नागरी हक्कांच्या चळवळीतली दोन्ही रंगांची माणसं वरच्या मजल्यावरच्या खोलीत जमत, गंबो खात आणि पुढचे बेत आखत. मार्टिन ल्यूथर किंग इथे आले. १९६१ साली बसमधला वंशभेद मोडायला निघालेले 'फ्रीडम रायडर' इथे जेवले. कायदा उघड मोडला जात असूनही पोलिसांनी हात घातला नाही. या जागेवर गावाचा जीव होता. १९६४च्या नागरी हक्क कायद्याने अखेर अशी बंदी उठवली.

हे सगळं आठवत मी जेवत होतो आणि मला आमच्या घरातला एक कप आठवला. भांडी घासायला येणाऱ्या मावशींसाठी तो मोरीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. आजी वरून चहा ओतायची. मावशी तो पायरीवर बसून प्यायच्या आणि विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायच्या. आजी प्रेमळ होती, मावशींच्या मुलीच्या लग्नात तिने साडीही दिली होती. पण कप वेगळाच राहिला. मी दहा वर्षांचा होईपर्यंत तो वेगळा का, असा प्रश्नही मला पडला नव्हता. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. तिकडचा लढा आणि इकडचा लढा त्यांना एकच दिसत होता. शंभर वर्षांनंतरही आमच्या कोनाड्यात तो कप होता.

२००५ साली कतरिना वादळात हे रेस्तराँ पाण्याखाली गेलं. भिंतींवरची कृष्णवर्णीय चित्रकारांची चित्रं नातवाने वाचवली. लिआबाई तेव्हा ऐंशीच्या पुढे होत्या. रस्त्यापलीकडे ट्रेलरमध्ये राहून त्यांनी दुरुस्ती करून घेतली आणि २००७ मध्ये दार पुन्हा उघडलं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी इथे पालेभाज्यांचा गंबो होतो. नऊ तऱ्हेचा पाला, विषम संख्येत. जितका पाला तितके नवे मित्र मिळतात, अशी समजूत आहे. २०१९ साली, ९६व्या वर्षी लिआबाई गेल्या. प्रथा चालू आहे.

निघताना वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, "मग, भेंडीवाचून चाललं ना?" चाललं, म्हटलं. आजूबाजूला सगळी टेबलं भरलेली होती. शेजारच्या टेबलावर एक गोरं आजी-आजोबांचं जोडपं आणि एक काळं कुटुंब खुर्च्या जवळ ओढून गप्पा मारत होतं. कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नव्हतं. कोनाड्यातला आमचा तो कप पुढे कधी आणि कसा गेला, हे मला सांगता येत नाही. तो फुटला असावा. कोणी उचलून आपल्या कपांत ठेवला असता, तर माझ्या लक्षात राहिलं असतं.