एक लाख रुपये आणि चौदा हजार कोटी

छाप्याची प्रेस नोट येते तेव्हा तिच्यात सगळं मोजलेलं असतं. किती किलो, किती बाटल्या, किती आरोपी, एकूण मुद्देमाल कितीचा. मार्च 2024 मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत एमडीचा कारखाना सापडला. जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्व्याला दुसरा. त्या आठवड्यात इथं इस्लामपुरात चहाच्या गाड्यावरही कोटींचे आकडे लोकांच्या तोंडी होते. मीही ते छापले. पण व्यसनात अडकलेल्या किती जणांना उपचार मिळाले, हा आकडा मला कधी कुठल्या प्रेस नोटमध्ये दिसला नाही. म्हणून आज थोडा इतिहास, व्यसनमुक्तीच्या पैशाचा.

मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा झाला 1949 साली. साठच्या दशकात परवाने सैल झाले, पुढं देशी दारूही अधिकृत झाली. तिकडं साखर कारखानदारी वाढली, मळी वाढली. मळीपासून काय बनतं हे ऊस पट्ट्यातल्या माणसाला सांगायला नको. सरकारला महसूल सुरू झाला. पिणाऱ्याच्या घराला मात्र दोनच वाटा होत्या : पोलीस, नाहीतर वेड्यांचं इस्पितळ. तिसरी वाट आपल्या लोकांनी स्वतः काढलेली, माळ घालायची. माळेनं सुटलेली माणसं आपल्या गावागावांत आहेत, त्यांना मानलंच पाहिजे. पण माळ तुटली की त्या माणसाकडं सगळं गाव पापी म्हणून बघायचं. हा आजार आहे आणि आजार उलटू शकतो, हे सांगणारं कोणी नव्हतं.

1985 मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. त्याच सुमारास केंद्र सरकारनं व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या संस्थांना अनुदान द्यायची योजना सुरू केली. तेव्हा पुण्या-मुंबईत गर्दनं तरुण पोरं संपत होती. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी आपल्या प्रतिष्ठानातून एक लाख रुपये देऊ केले. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या सरकारी मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. त्यांनी जबाबदारी घेतली, सरकारनं तिथंच जागा दिली आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी 'मुक्तांगण' सुरू झालं. लेखकाची देणगी, सरकारची जागा आणि डॉक्टरबाईंची मेहनत, एवढ्यावर. मुक्तांगणनं आणखी एक गोष्ट ओळखली. दाखल करून सोडून दिलं की काम संपत नाही, बाहेर पडलेल्या माणसाचा पाठपुरावा हवा. पुढं बरे झालेले पेशंटच तिथं कार्यकर्ते झाले.

आपल्या शेजारी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी 'परिवर्तन' व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामापुढं त्यांचं हे काम झाकोळून जातं, पण आपल्या भागातल्या लोकांना उपचार जवळ आले ते अशा माणसांमुळं. त्यानंतर गावोगाव आयाबायांनी मतदान करून बाटली आडवी केली. ती लढाई मोठीच होती. पण दुकान बंद झालं म्हणजे माणूस बरा झाला असं होत नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकाएकी दारू सोडली तर हात थरथरतात, झोप उडते, काहींना दोन-तीन दिवसांत भास होतात, फिट येते. त्यात जीवही जाऊ शकतो. तिथं औषध आणि डॉक्टर लागतो.

हे गडचिरोलीनं आपल्या आधी ओळखलं. 1993 साली तिथं लोकांच्या आंदोलनातून जिल्हा दारूबंदी झाली. तरी 2016 मध्ये डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च'नं राज्य सरकार आणि टाटा ट्रस्ट यांच्यासोबत 'मुक्तिपथ' सुरू केलं. गावात संघटना, तालुक्याला क्लिनिक, गावातच उपचार शिबिरं. बंदी असूनही उपचार लागतात, मग बंदी नसलेल्या आपल्या जिल्ह्याला किती लागतील?

2019 मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सनं केलेल्या देशव्यापी पाहणीचा आकडा बघा. दारूच्या आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसले तरी उपचार मिळाले होते. दाखल होऊन उपचार तर 180 मधल्या एकालाच.

पैसा नाही म्हणावं, तर तसंही नाही. राज्याला उत्पादन शुल्कातून वर्षाला वीस हजार कोटींच्या पुढं मिळतात. जून 2025 मध्ये मंत्रिमंडळानं दारूवरचा कर वाढवला, त्यातून आणखी 14 हजार कोटी अपेक्षित धरले. या वाढीव रकमेतला फक्त एक टक्का बाजूला काढा. 140 कोटी झाले. राज्याच्या 358 तालुक्यांत वाटले तर एका तालुक्याला साधारण 39 लाख.

संस्थांचं अनुदान वर्षावर्षानं मंजूर होतं. पण सुटलेला माणूस पुन्हा घसरतो तो मार्चअखेर बघून नव्हे. लग्नात, जत्रेत, उसाचं बिल जमा झाल्यावर, कधीही. म्हणून हा पैसा इमारतीला नको. पगारी समुपदेशक, औषधं, उपजिल्हा रुग्णालयात चार खाटा, ठरलेल्या वारी तपासणी आणि घरापर्यंत पाठपुरावा, तोही निदान सलग पाच वर्षांसाठी. पुलंचे एक लाख कामी आले ते अशाच कामात गेले म्हणून.

निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला आपण रस्ता, पाणी, गटार विचारतो. आता हेही विचारा : आमच्या तालुक्यातनं दारूचा कर किती गेला आणि उपचाराला परत किती आला? उत्तर मिळालं तर मला कळवा, मी छापीन.

तोवर कुणाच्या घरात गरज असेल तर 14446 हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती हेल्पलाइन नंबर आहे आणि 14416 वर टेलिमानसचे समुपदेशक मराठीत बोलतात. दोन्ही मोफत. लाजू नका, फोन लावा.