घरची वही

लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापाऱ्यांच्या पेढीवर नव्या वह्यांची पूजा होते. पहिल्या पानावर ‘श्री’ उमटते, कुंकू-अक्षता वाहिल्या जातात आणि पाडव्याला नव्या वहीत पहिली नोंद पडते. पूजेत नाणी असतात, नोटा असतात; परंतु मान मिळतो तो वहीला. त्यात मोठे शहाणपण आहे. पैसा येतो आणि जातो. तो कोठून आला व कोठे गेला, हे सांगायला मागे राहते ती वही. पेढीवरची ही शिस्त घरात कशी आली, कागदावरून संगणकात कशी गेली आणि तेथे गेल्यावर वहीचे धनीपण कोणाकडे राहिले, ही हकिगत ऐकण्यासारखी आहे.

इटलीतील व्हेनिस शहरी १४९४ साली लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूचा गणितावरचा जाडजूड ग्रंथ छापून निघाला. लिओनार्दो दा विंचीचा हा स्नेही. ग्रंथाच्या एका भागात त्याने तेथील व्यापाऱ्यांची जमाखर्चाची रीत सांगितली. ती त्याने शोधून काढली नव्हती; व्यापारी ती आधीपासून वापरीतच होते. त्याने तीन वह्या सांगितल्या: घडेल तसे टिपण्याची कच्ची वही, मग रोजकीर्द आणि शेवटी खतावणी. वहीवर क्रुसाची खूण करून देवाच्या नावाने आरंभ करावा, असेही तो सांगतो. आपल्या ‘श्री’ची आठवण येथे कोणाला होणार नाही?

या रितीचे मर्म असे की, प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी लिहायचा. शंभर रुपयांचे तांदूळ आणले, तर धान्याच्या खाती शंभर नावे आणि रोकडीच्या खाती शंभर जमा. दोन्ही बाजूंच्या बेरजा सारख्या आल्या पाहिजेत. नाही आल्या, तर चूक कोठेतरी दडून बसली आहे हे नक्की.

व्यापाऱ्याची ही विद्या घरातल्या चुलीपर्यंत नेण्याचे एक ठळक उदाहरण जपानात सापडते. हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ साली गृहिणींसाठी हिशेबाची वही काढली. तिला तेथे ‘काकेइबो’ म्हणतात. महिन्याच्या आरंभी बेत आखावा, रोज खर्च लिहावा आणि महिनाअखेरीस दोहोंची तुलना करावी, एवढाच तिचा मंत्र. आपल्याकडे दिनदर्शिकेच्या चौकोनात दुधाचा रतीब टिपणारी आई याच पंथाची.

पुढे संगणक आला. हार्वर्डमध्ये व्यापारशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिनच्या डोक्यात फळ्यावरच्या कोष्टकांमुळे एक कल्पना आली. कोष्टकातला एक आकडा बदलला की पुढचे सारे पुसून पुन्हा मांडावे लागे. हे काम यंत्राने का करू नये? बॉब फ्रँकस्टनच्या साह्याने १९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ तयार झाले. पण कोष्टक म्हणजे वही नव्हे. घरगुती वही संगणकात लोकप्रिय केली ती स्कॉट कुकने. घरची बिले भागवण्याच्या कटकटीबद्दल त्याची पत्नी कुरकुरत असे. ते ऐकून त्याने टॉम प्रू या विद्यार्थ्याला हाताशी धरले आणि १९८३ साली ‘इंट्यूट’ ही कंपनी काढली. तिचे ‘क्विकन’ पडद्यावर थेट चेकबुकासारखे दिसे. हिशेबाचा गंधही नसलेल्या माणसाला ते परके वाटले नाही, हेच त्याच्या यशाचे रहस्य.

येथे ‘ताळा’ या गोष्टीपाशी थोडे थांबले पाहिजे. समजा, आपल्या वहीत बँकेतील शिल्लक १२,४०० रुपये आहे आणि पासबुक म्हणते १४,१५०. पावणेदोन हजार जास्त! आनंदून साडी घ्यायला निघू नये. एक एक नोंद ताडून पाहता कळते की, दिलेला १,५०० रुपयांचा चेक अजून वटलेला नाही आणि बँकेने जमा केलेले २५० रुपये व्याज आपण लिहिलेले नाही. व्याज लिहिले की आपली शिल्लक १२,६५०. बँकेच्या आकड्यातून न वटलेला चेक वजा केला की तिचीही १२,६५०. मेळ बसला. दोन वेगळ्या हातांनी लिहिलेल्या दोन वह्या एकमेकींच्या साक्षीदार झाल्या. जी वही बँकेच्याच नोंदी उतरवून घेते आणि आपल्याला काही लिहायला लावीत नाही, तिच्यात साक्षीदार एकच उरतो. मग बँकेची चूक कोण पकडणार?

क्विकनला टक्कर देण्यासाठी मायक्रोसॉफ्टने १९९१ साली ‘मनी’ आणले. १९९४ साली तिने इंट्यूट कंपनीच विकत घेण्याचा घाट घातला; परंतु अमेरिकेचे सरकार मक्तेदारीच्या कारणाने न्यायालयात गेले आणि १९९५ साली बेत बारगळला. २००९ साली ‘मनी’ची विक्रीच थांबली. जुन्या वह्या उघडता याव्यात म्हणून पुढे एक फुकट आवृत्ती तरी मिळाली. ‘मिंट’चे तसे नव्हते. २००७ साली निघालेली ही इंटरनेटवरची वही फुकट होती. बँकांतल्या नोंदी ती आपणच गोळा करी. २००९ साली इंट्यूटने ती सतरा कोटी डॉलरना घेतली आणि २०२४ साली बंद केली. ज्यांनी वर्षानुवर्षांचा संसार तिच्यात लिहिला, त्यांना आपल्या नोंदी उतरवून घेऊन दुसरे घर शोधावे लागले. पेढी मोडली तरी कागदाची चोपडी घरच्या कपाटात राहते. ही वही मात्र पेढीबरोबरच मिटली.

याउलट १९९८ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेले ‘ग्नूकॅश’ पाहा. अनेकांनी मिळून लिहिलेले, विनामूल्य, पाचोलीच्याच द्विनोंदी रितीने चालणारे. वही आपल्याच संगणकात राहते आणि पासबुकाशी ताळा करण्याची सोय त्यात आहे. मात्र ते शिकायला सवड हवी. खाती कशी पाडावी हे समजून घ्यावे लागते. चेकबुकासारखी सोपी वही काहींना अधिक मानवेल, तर कोणाला साधे कोष्टकही पुरेल.

आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीच्या जुडीचाही व्यवहार बँकेत उमटू लागला. पासबुकाची पाने भराभर भरतात, पण ती वाचतो कोण? म्हणून वही निवडणाऱ्याने रंगीत चित्रांना भुलू नये. तीन प्रश्न विचारावेत. आपली नोंद बँकेच्या नोंदीशी एक एक करून ताडता येते का? सारी वही साध्या, दुसरीकडे उघडेल अशा रूपात बाहेर काढता येते का? आणि फुकट असेल, तर खर्च कोण सोसतो व आपल्या नोंदी कोण पाहतो? तिन्हींची उत्तरे पटली, तरच वही घरात घ्यावी. आणि दर महिन्याला, ताळा झाला की, तिची एक प्रत वेगळी काढून ठेवावी.