पाणी न मागणारं इंजिन

'एअर-कूल्ड गाडी रिस्टोअर करतोय' असं टीममध्ये सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच फोक्सवॅगनची बीटल उभी राहते. गोल पाठीची, मागे इंजिन असलेली, जगभरात दोन कोटींच्या वर बनलेली आणि २००३ साली मेक्सिकोत शेवटची तयार झालेली. आमचं प्रकरण एवढं ग्लॅमरस नाही हो. हिंगोलीला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जी उभी आहे ती १९८४ची बजाज चेतक. दोनच चाकं, पण इंजिन एअर-कूल्ड! आणि इतिहासाचं म्हणाल तर ह्या १४५ सीसीच्या इंजिनात तो भरपूर कोंबलेला आहे. मी शनिवार-रविवारी पाने घेऊन बसतो तेव्हा ग्रीसबरोबर तोही हाताला लागतो.

आधी थोडी इंजिनियरिंग (डिग्रीचा तेवढा तरी उपयोग). मोटारसायकलचं इंजिन उघडं असतं. गाडी पळते, वारा लागतो, सिलिंडरवरच्या पात्यांतून उष्णता निघून जाते. चेतकचं इंजिन मात्र उजवीकडच्या डिक्कीखाली झाकलेलं. तिथे वारा पोचणार कसा? म्हणून मॅग्नेटच्या चाकालाच पंख्याची पाती दिली आहेत. इंजिन फिरलं की पंखा फिरतो आणि वर बसवलेलं आवरण ती हवा सिलिंडरवर वळवतं. गाडी सिग्नलला उभी असली तरी हवा चालूच. बीटलच्या मागच्या इंजिनालाही असाच पंखा होता, फक्त बराच मोठा. ना रेडिएटर, ना पंप, ना होजपाइप. उन्हाळ्यात जिथे माणसांनाच टँकरची वाट बघावी लागते, त्या मराठवाड्यात पाणी न मागणारं इंजिन म्हणजे गुणी पाहुणाच की!

आमचं इंजिन उघडलं तेव्हा सिलिंडरच्या पात्यांमध्ये तेल आणि काळी माती मिसळून दगडासारखा थर बसला होता. हवा आत शिरायला जागाच नव्हती. म्हणजे शेवटची काही वर्षं बिचारी तापातच चालली असणार. मिस्त्रीचाचांनी रॉकेलमध्ये ब्रश बुडवून दिला आणि म्हणाले, "पहले इसका दम खोलो, बाद में पिस्टन देखेंगे."

ह्या डिझाइनचं मूळ इटलीत आहे. दुसऱ्या महायुद्धात पियाजिओ कंपनीचा पोंतेदेराचा विमानांचा कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर विमानं बनवायची सोय राहिली नाही आणि लोकांना तर स्वस्त वाहन हवं होतं. एन्रिको पियाजिओने हे काम कोराडिनो द'आस्कानिओ ह्या विमान-इंजिनियरला दिलं. हेलिकॉप्टरवर काम केलेला माणूस, मोटारसायकल त्याला मुळीच आवडायची नाही. साहजिकच त्याने मोटारसायकलचे सगळे त्रास मोडीत काढले. चेन नको, इंजिन मागच्या चाकापाशीच. कपड्यांना तेल लागायला नको, सगळं झाकून टाका. वेगळी फ्रेम नको, पत्र्याची बॉडी हीच फ्रेम. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं, विमानाच्या चाकासारखं, म्हणजे पंक्चर झालं तर चटकन बदलता येतं. १९४६च्या एप्रिलमध्ये ह्याचं पेटंट नोंदवलं गेलं. नाव व्हेस्पा, म्हणजे गांधीलमाशी.

बजाज ऑटोची सुरुवात १९४५ची, तेव्हाचं नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. १९४८ पासून ते बाहेरून आणलेल्या दुचाकी-तिचाकी विकत. १९५९ मध्ये सरकारकडून उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पियाजिओशी करार होऊन इथे व्हेस्पा बनू लागली. १९७१ मध्ये कराराची मुदत संपली, तो पुढे वाढला नाही. १९७२ साली जवळजवळ तोच सांगाडा 'चेतक' ह्या नावाने आला. महाराणा प्रतापाचा घोडा! पोंतेदेराची गांधीलमाशी आकुर्डीला येऊन घोडा झाली, असं म्हणायला हरकत नाही.

आता रांगेची गोष्ट. त्या काळात कारखान्याने किती गाड्या बनवायच्या तेही परवान्यावर ठरलेलं असे. मागणी वाढली म्हणून वाटेल तेवढं उत्पादन करायची मोकळीक नव्हती. साहजिकच बुकिंगची यादी दहा-दहा वर्षं लांबली. बुकिंगसाठी पोस्टात २५० रुपये अडकवून ठेवायचे आणि नंबर लागायची वाट बघायची. परदेशातून डॉलर आले तर गाडी लवकर मिळे. हातात आलेली नवी कोरी स्कूटर लगेच जास्त भावाने विकणारेही होते. लग्नाच्या बैठकीत स्कूटर मागणं तर ठरलेलंच. सरकारने त्यावर उपायही काढले. १९७५ साली राज्य सरकारचं एक महामंडळ आणि बजाज ह्यांनी मिळून महाराष्ट्र स्कूटर्स कंपनी काढली आणि साताऱ्याहून 'प्रिया' येऊ लागली. तरी रांग काही हटली नाही.

आमचे आबा कळमनुरी तालुक्यात जिल्हा परिषदेचे शिक्षक. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हताच, सगळं परभणीत. (१ मे १९९९ला वेगळा झाला.) आबांनी १९७५ मध्ये पैसे भरले. गाडी आली १९८४ मध्ये. नऊ वर्षं! माझी आत्या १९७६ मध्ये सातवी पास झाली. पुढची शाळा अकरा किलोमीटरवर आणि एसटीची वेळ जुळत नव्हती. आत्या घरी बसली. १९८३ मध्ये तिचं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी स्कूटर दारात आली. तिच्या मागच्या सीटवर बसून हायस्कूलला गेले ते माझे बाबा.

स्कूटर वेळेत मिळाली असती तर आत्या शिकलीच असती, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. मुलीला घरी बसवायला तेव्हा कारणं पुष्कळ होती. पण त्यातलं एक तरी कमी झालं असतं. 'हमारा बजाज'ची १९८९ची जाहिरात बघून आपण सगळे हळवे होतो. मीसुद्धा होतो. पण ती धून ऐकताना मला आता पोस्टाचं पासबुकही आठवतं.

रांग संपली ती कुणी दया केली म्हणून नाही. १९८४-८५ च्या सुमारास बाजारात कायनेटिक होंडा आली, हिरो होंडा आली. १९८५ मध्ये बजाजचाच औरंगाबादजवळ वाळूजचा कारखाना सुरू झाला. १९९१ नंतर परवान्यांचं प्रकरण बऱ्यापैकी आवरलं. लोकांना निवडायला मिळाल्यावर त्यांनी मोटारसायकल निवडली, आणि २००९च्या अखेरीस बजाजने स्कूटरच बंद करायचं जाहीर केलं. २०२० मध्ये चेतक परत आली ती विजेवर. किक नाही, धूर नाही.

आमच्या जुन्या चेतकचं काम मात्र जोरात आहे. सिलिंडरला लेथवर बोअर मारून ओव्हरसाइज पिस्टन टाकला. क्रँकचे ऑइल सील बदलले, कारण टू-स्ट्रोकमध्ये तिथून हवा ओढली गेली की गाडी धड चालत नाही. सायलेन्सर जाळून आतला कार्बन काढला. पाय ठेवायचा पत्रा गंजून चाळणी झाला होता, तो वेल्डिंग करून घेतला. रंग खरवडला तर निळ्याखाली हिरवा आणि हिरव्याखाली मूळचा पांढरा निघाला. पार्ट मिळायला अडचण नाही. जी गाडी लाखोंनी खपली तिचे पिस्टन-रिंग अजून बाजारात आहेत.

कागदांचं काम जास्त अवघड. आरसीवर अजून आबांचंच नाव आहे, म्हणजे आधी वारसाची नोंद. २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं पुरी झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. आमची १९८४ची, म्हणजे २०३४ पर्यंत थांबावं लागेल. ह्या गाडीसाठी पुन्हा रांग! पण तशी नोंद झालेली गाडी रोज वापरता येत नाही. त्यापेक्षा साधं पाच वर्षांचं नूतनीकरण बरं.

बाबांचं मत वेगळं आहे. "ज्याच्यासाठी नऊ वर्षं तिष्ठत बसलो त्या डबड्याचं तुला कसलं कौतुक? भंगारात दे." त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि तरी गाडी भंगारात द्यावीशी वाटत नाही. ती शोकेसमध्येही ठेवायची नाही. म्हाताऱ्या आत्याला मागच्या सीटवर बसवून त्या अकरा किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत नेऊन आणायचं, एवढाच बेत आहे. तिला विचारलं तर म्हणाली, "आता काय करू जाऊन तिथं?" आणि दुसऱ्याच मिनिटाला, "रस्ता झालाय का रे चांगला?"