मिस्टर हूपर परत येणार नाहीत : ‘सेसमी स्ट्रीट’चा १८३९वा भाग

अजून शाळेची पायरीही न चढलेल्या मुलाला मृत्यूची वार्ता कशी सांगावी, या प्रश्नाला दूरचित्रवाणीने दिलेले सर्वांत प्रामाणिक उत्तर म्हणजे ‘सेसमी स्ट्रीट’ या अमेरिकन बालमालिकेचा २४ नोव्हेंबर १९८३ रोजी प्रक्षेपित झालेला १८३९वा भाग होय. गल्लीतला म्हातारा दुकानदार मरण पावला आहे आणि तो परत येणार नाही, असे काही मोठी माणसे एका बाहुलीला सांगतात, एवढाच त्या भागाचा गाभा आहे. परंतु हे थोडेसे बोलणे नेमके आणि खरे व्हावे यासाठी मालिकेची चौदा वर्षांची कार्यपद्धती, मानसशास्त्रज्ञांचा सल्ला आणि नटांचे स्वतःचे दुःख या साऱ्यांची बेरीज व्हावी लागली.

ही मालिका १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. गरीब वस्त्यांतील मुले अक्षरओळख आणि अंकओळख यांत मागे पडतात व शाळेत गेल्यावर ती दरी वाढतच जाते, ही चिंता तेव्हा अमेरिकेत तीव्र होती. दूरचित्रवाणी-निर्मात्या जोन गँझ कूनी आणि कार्नेगी कॉर्पोरेशनमधील मानसशास्त्रज्ञ लॉइड मॉरिसेट यांनी या चिंतेतूनच ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ही संस्था उभारली व शासन आणि दानसंस्था यांच्याकडून सुमारे ८० लाख डॉलर मिळवले. संस्थेचे वेगळेपण असे की, प्रत्येक प्रसंग मुलांपुढे तपासून पाहिला जाई. संशोधनप्रमुख एडवर्ड पामर यांची रीत साधी होती : मुलाला दूरचित्रवाणी संचासमोर बसवायचे, शेजारी दर साडेसात सेकंदांनी चित्र बदलणारा दुसरा पडदा ठेवायचा आणि मुलाची नजर संचावरून केव्हा ढळते याची नोंद करायची. जुलै १९६९ मध्ये फिलाडेल्फियात घेतलेल्या चाचणीत असे दिसले की, बाहुल्यांचे प्रसंग मुले टक लावून पाहतात, पण गल्लीतली माणसे बोलू लागली की नजर भटकते. काल्पनिक पात्रे आणि खरी माणसे एकत्र आणल्यास मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा आधीचा इशारा होता. निर्मात्यांनी चाचणीवर विश्वास ठेवून तो बाजूला सारला आणि माणसांच्या गल्लीत बाहुल्या वस्तीला आणल्या. पुढे १९८३ साली जे शक्य झाले त्याचे मूळ या निर्णयात आहे, कारण मोठ्यांना प्रश्न विचारणारे मूल त्या गल्लीत राहायला आले ते बाहुलीच्या रूपाने.

त्या मुलाचे नाव बिग बर्ड. बाहुलीकार जिम हेन्सन यांच्या बाहुल्यांना ‘मपेट’ म्हणतात. बाहुलीच्या तोंडात हात घालून बोलण्याबरहुकूम तिचे ओठ हलवणे, ही त्यांची मुख्य पद्धत. आपल्याकडच्या कळसूत्री बाहुल्या वरून दोऱ्यांनी नाचवल्या जातात, तर बिग बर्ड हा पूर्ण अंगभर चढवायचा पोशाख होता. केर्मिट लव्ह यांनी पिवळ्या रंगवलेल्या पिसांचा तो पोशाख घडवला. उंची ८ फूट २ इंच. आत उभे असलेले कॅरोल स्पिनी उजवा हात डोक्यावर सरळ उंच धरून पक्ष्याची मान आणि चोच सांभाळत व त्याच हाताच्या करंगळीने पापण्यांची उघडझाप करत. डावा हात डाव्या पंखात असे. उजवा पंख मासेमारीच्या बारीक दोरीने डाव्याशी जोडलेला असल्याने एक पंख वर गेला की दुसरा खाली येई. पोशाखातून बाहेरचे काही दिसत नसे, म्हणून छातीवर एक छोटा पडदा बांधलेला असे आणि स्वतःच्या हालचाली स्पिनी त्यावर पाहत. इतक्या अवघडलेल्या देहातून सहा वर्षांच्या मुलाचा निरागसपणा उमटावा, ही या कलेची थोर सिद्धी म्हटली पाहिजे.

दुकानदार मिस्टर हूपर यांची भूमिका पहिल्या भागापासून विल ली करत होते. १९०८ साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले ली हे ‘ग्रुप थिएटर’ या ध्येयवादी नाट्यसंस्थेच्या परंपरेतले नट आणि अभिनयाचे शिक्षक होते, व १९५०च्या दशकातील कम्युनिस्टविरोधी मोहिमेत त्यांचे नाव काळ्या यादीत गेल्याने चित्रपट आणि दूरचित्रवाणीचे दार त्यांना काही वर्षे बंद होते. त्यांनी रंगवलेला दुकानदार वरून कुरकुऱ्या पण आतून मायाळू होता. बिग बर्डसाठी तो पक्ष्यांच्या दाण्यांचा मिल्कशेक करून देई, आणि बिग बर्ड मात्र त्याचे नाव ‘लूपर’, ‘कूपर’ असे काहीतरी चुकवी व दर वेळी दुरुस्ती ऐकून घेई. ७ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हृदयविकाराने ली यांचे निधन झाले.

मालिकेपुढे सोपे मार्ग होते. दुसरा नट घेता आला असता, किंवा मिस्टर हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले असे सांगता आले असते. कार्यकारी निर्मात्या डल्सी सिंगर आणि प्रमुख लेखक नॉर्मन स्टाइल्स यांनी खरे तेच सांगायचे ठरवले. मृत्यू हा विषय अमेरिकन बालदूरचित्रवाणीला अगदीच नवा नव्हता. फ्रेड रॉजर्स यांनी १९७० साली आपल्या कार्यक्रमात मेलेला सोनमासा मुलांसमोर पुरला होता. परंतु मासा वेगळा आणि तेरा वर्षे घरोघरी ओळखीचा झालेला माणूस वेगळा. मुलांचे आकलन कुठे अडते हेही ठाऊक होते. मारिया नॅगी यांनी बुडापेस्टच्या मुलांवर केलेल्या आणि १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाच वर्षांच्या आतील मूल मृत्यूला एक प्रकारचे दूर जाणे समजते आणि गेलेला माणूस परतेल असे धरून चालते.

म्हणून तज्ज्ञांच्या सल्ल्याने संहितेला काही बंधने घातली गेली. आजारपणाचे कारण द्यायचे नाही, कारण मग साध्या तापानेही मूल धास्तावेल. झोप किंवा प्रवास अशा आडवळणाच्या शब्दांत बोलायचे नाही. स्वर्गाचा उल्लेख करायचा नाही, कारण प्रत्येक घराची श्रद्धा निराळी आणि ती सांगण्याचा अधिकार त्या घराचा. ‘देवाघरी गेले’ असे सांगून विषय मिटवण्याची सवय मराठी घरांनाही आहे. त्यामागचे प्रेम खरे असते, पण देवाघरून परत कधी येणार हा मुलाचा पुढचा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि स्टाइल्स यांची संहिता नेमकी त्या पुढच्या प्रश्नासाठी लिहिलेली होती.

प्रसंगाची मांडणी पाहण्यासारखी आहे. भागाच्या आरंभी बिग बर्ड पायांतून मान खाली घालून उलटा चालतो आणि का असे विचारल्यावर ‘असंच’ एवढेच उत्तर देतो. पुढे गल्लीतली मोठी माणसे गप्पा मारत बसलेली असताना तो स्वतः काढलेली त्यांची चित्रे एकेकाला वाटतो. ही चित्रे खरोखर स्पिनी यांनीच रेखाटली होती. शेवटचे चित्र उरते मिस्टर हूपर यांचे. ते मरण पावल्याचे तुला सांगितले होते ना, अशी आठवण मोठी माणसे करून देतात. त्यालाही आठवते, आणि मग परत आल्यावर चित्र देईन असे तो सहज बोलून जातो. माणूस मेला की परत येत नाही, असे त्या मोठ्या माणसांपैकी सुझन त्याला सांगते. कधीच नाही का, असे तो विचारतो, आणि उत्तर बदलत नाही. मग मुलाच्या मनातली खरी भीती बाहेर पडते : आता मिल्कशेक कोण करणार, गोष्टी कोण सांगणार? त्यांच्यातलाच डेव्हिड दुकान सांभाळेल असे कळल्यावरही, आता पूर्वीसारखे राहणार नाही, असे तो म्हणतो, आणि मोठी माणसे त्याला खोटा धीर न देता ते मान्य करतात. असे का व्हावे, याचे कारण तो मागतो तेव्हा त्यांच्यातलाच गॉर्डन म्हणतो : असंच. सकाळच्या खेळातला शब्द इथे मोठ्या माणसाच्या तोंडी येतो आणि त्याच्याजवळही याहून अधिक काही नाही, हे न लपवता सांगतो. अखेरीस बिग बर्ड चित्राकडे पाहून नाव पुन्हा चुकवतो आणि गल्लीतलीच मारिया रडवेल्या आवाजात ते दुरुस्त करते. जॉन स्टोन यांनी दिग्दर्शित केलेल्या या प्रसंगातील अश्रू खरे होते, कारण जमलेल्या बहुतेकांनी ली यांच्याबरोबर वर्षानुवर्षे काम केले होते.

प्रक्षेपणासाठी ‘थँक्सगिव्हिंग’चा, म्हणजे अमेरिकेत सारे कुटुंब घरी एकत्र जमते त्या सणाचा दिवस निवडला गेला, जेणेकरून प्रश्न विचारायला मुलाजवळ कोणी मोठे असावे. भाग आधी मुलांना दाखवून तपासला होता; तेव्हा चार-पाच वर्षांच्या बहुतेक मुलांना मिस्टर हूपर परतणार नाहीत हे समजले, तीन वर्षांच्या मुलांपैकी मात्र थोड्यांनाच. हा निष्कर्ष निराशाजनक वाटू शकतो, पण तो त्या वयाच्या आकलनाशी जुळणारा होता आणि संस्थेने त्यासाठी संहिता अधिक बोलकी केली नाही, हे योग्यच झाले.

याच शिस्तीची दुसरी बाजू १९९२ साली दिसली. बिग बर्डचा मित्र स्नफी याचे आईवडील घटस्फोट घेतात, असा भाग तेवढ्याच काळजीने लिहून, चित्रित करून मुलांना दाखवण्यात आला. आईवडिलांचे मुलांवर प्रेम कायम आहे असे त्यात पुन्हापुन्हा सांगूनही काही मुलांना ते पटले नाही, आणि घरात भांडण झाले की आईवडील वेगळे होतातच, असा उलटा ग्रह काहींनी करून घेतला. संस्थेने झालेला खर्च सोसला आणि तो भाग कधीही प्रक्षेपित केला नाही. घटस्फोट हा विषय मुलांसाठी पुन्हा हाती घेतला गेला तो थेट २०१२ साली, पालकांसाठी काढलेल्या स्वतंत्र साहित्यसंचात. त्यातल्या ॲबी या बाहुलीच्या आईवडिलांचा घटस्फोट पूर्वीच झालेला आहे आणि ती आपल्या दोन घरांविषयी बोलते.