पर्माकल्चर आणि बहुवार्षिक पिके (सावली परिसर)

पर्माकल्चर म्हणजे एकदा लावल्यावर वर्षानुवर्षे उत्पन्न देणारी झाडे, वेली, कंद आणि बांबू यांची हंगामी पिके, पाणी, माती व जनावरे यांच्याशी सांगड घालणारी शेतीरचना. बिल मॉलिसन व डेव्हिड होमग्रेन या दोघांनी १९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात ‘पर्माकल्चर वन’ या पुस्तकातून तिची मांडणी केली. चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्व भागातील सावली तालुक्यात आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीत या रचनेचे बहुतेक घटक त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. धुऱ्यावरचा (शेताच्या कडेवरचा) मोह, बांधीलगतची (धानाच्या खाचराजवळची) बोडी म्हणजे लहान तळे, घरामागची वाडी, गावाचा तलाव ही त्यांची रूपे. हे घटक आज एकमेकांपासून तुटले आहेत. त्यांना पुन्हा जोडणे, हेच येथे पर्माकल्चरचे खरे काम होय.

जमीन व पाणी. हा झाडीपट्टीतला धानाचा मुलूख. वर्षाला सरासरी १,२०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ओल टिकते तेथे कापणीपूर्वी उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकून उतेरा घेतात. उरलेली जमीन पुढच्या पावसापर्यंत उघडी पडते. चार महिन्यांत पडणारे हे पाणी साठवण्यासाठीच येथे तलाव बांधले गेले. पूर्व विदर्भात माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक असून त्यांच्या बांधणीत कोहळी समाजाचे कसब मोठे आहे. १९५१ मध्ये मालगुजारी ही जमीनदारी पद्धत संपली, तलाव सरकारकडे गेले आणि गावाचा त्यांच्यावरचा हात सैल झाला. अनेक तलाव गाळाने उथळ झाले. हा गाळ हलक्या, मुरमाड जमिनीत टाकला तर तलाव खोल होतो आणि धुऱ्यावरच्या रोपांनाही कसदार माती मिळते. तालुक्यातला आसोला मेंढा हा मोठा तलाव गोसीखुर्द धरणाच्या उजव्या कालव्याशी जोडलेला आहे, पण कालव्यापासून दूरच्या शेतकऱ्याला बोडीचाच आधार.

मोह. या परिसरातले सर्वांत मोलाचे बहुवार्षिक पीक मोह हेच आहे, आणि त्याला पीक म्हणून मिळायला हवा तो मान अजून मिळालेला नाही. मार्च-एप्रिलमध्ये, घरातले धान्य सरत आले असताना, पहाटे फुले गळतात; पुढे पावसाच्या तोंडावर टोळ (मोहाचे फळ) पिकते आणि तिच्या बियांचे तेल निघते. झाडाला ना नांगरट लागते ना खत. अडचण वेगळीच आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यात कोवळी रोपे होरपळतात. बिया तेलाला जातात. वाचलेले रोप उन्हाळ्यात मोकाट गुरे खातात. म्हणून म्हातारे मोह पुष्कळ आणि तरुण मोह विरळ, असे चित्र दिसते. झाडाखाली जाळी अंथरली तर पाला जाळावा लागत नाही. बियांची उगवणशक्ती लवकर जाते, त्यामुळे त्या ताज्याच पेराव्या लागतात. फुलोऱ्याला दहा वर्षे लागू शकतात, तेव्हा लागवड आजच करायला हवी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये मोहफुलांच्या संकलन व वाहतुकीवरचे निर्बंध उठवले, ही फार दिवस रखडलेली चांगली गोष्ट.

धुऱ्याची रचना. लहान शेतकऱ्याने धान सोडून फळबाग करावी, असा सल्ला येथे चुकीचा ठरेल. घरचा तांदूळ हा त्याचा पहिला आधार आहे. बहुवार्षिक पिकांची जागा धुरा, बोडीचा काठ आणि वाडी. दाणा भरताना, म्हणजे ऑक्टोबरमध्ये, सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो व सावली उत्तरेला पडते. म्हणून उंच झाडे शेताच्या उत्तर धुऱ्यावर लावावीत, मात्र पलीकडच्या शेजाऱ्याशी बोलून. इतर धुऱ्यांवर नेहमीची तूर आणि छाटून पाला बांधीत टाकता येईल असे गिरिपुष्प पुरे. बोडीकाठी अळू व केळी, वाडीत मुंगणा, हेटी, सीताफळ, लिंबू, सुरण व हळद.

बांबू. मानवेल जातीचा बांबू चार-पाच वर्षांनी तोडीला येतो आणि नेमकी पिकलेली काठी काढली तर बेट वाढत राहते. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू भारतीय वन अधिनियमातील ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला. त्याआधी गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ पासून आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकला. गावाच्या ताब्यातले बहुवार्षिक पीक काय करू शकते, याचा हा देशातला सर्वांत ठसठशीत दाखला आहे.

वन्यप्राणी. परदेशी पुस्तकांत नसलेला हा प्रश्न येथे सर्वांआधी येतो. मोहफुले आणि तेंदूपाने वेचायला पहाटे जंगलात गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात मरण पावतात. मोह, आवळा, चारोळी स्वतःच्या शेतात असली तर तो धोका कमी होतो. उलट, धुऱ्यावर दाट झुडपे वाढू दिली तर रानडुकराला आणि त्यामागे वाघालाही आडोसा मिळतो. म्हणून दाट, बहुस्तरीय लागवड घराच्या कुंपणातच शोभते. शेतात झाडे सुटी, खालून मोकळी असावीत. कुंपणात थेट वीजवाहिनीची वीज सोडणे बेकायदा आहे आणि त्यात माणसेही दगावतात.

बहुवार्षिक धान. चीनमधील युनान विद्यापीठाने विकसित केलेले ‘पीआर-२३’ हे वाण २०१८ मध्ये प्रसारित झाले. एका रोवणीवर चार वर्षे पीक मिळाल्याचे तेथील प्रयोगांत दिसले. दोन हंगामांमध्ये बुंधे जिवंत राहण्याइतकी ओल त्याला लागते, आणि सावलीच्या कोरडवाहू बांधीत उन्हाळ्यात नेमकी तीच नसते. तूर्त तरी ते येथल्या उपयोगाचे नाही.

धानासाठी डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे सिंदेवाही येथील संशोधन केंद्र आणि बांबूसाठी चिचपल्ली येथील बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र या दोन संस्था सावलीच्या शेतकऱ्याला त्याच्याच जिल्ह्यात उपलब्ध आहेत.