लवकगोलिका (प्लास्टोग्लोब्यूल)

वनस्पतींच्या हरितलवकांत व इतर लवकांत आढळणारे मेद आणि प्रथिने यांचे सूक्ष्म गोल कण. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी पानाचा छेद तयार करताना वापरले जाणारे ऑस्मियम टेट्रॉक्साइड हे रसायन या कणांतील मेद धरून ठेवतो, त्यामुळे हे कण काळ्याभोर ठिपक्यांसारखे दिसतात. ‘ऑस्मियमप्रिय गोलिका’ हे त्यांचे जुने नाव त्यावरूनच पडले. जादा चरबीची साठवण, एवढेच त्यांचे काम असे बराच काळ मानले जाई. ही समजूत फार अपुरी होती.

निरोगी पानात गोलिकेचा व्यास साधारण ४५ ते ६० नॅनोमीटर असतो. पेशीतील बहुतेक पटले रेणूंच्या दुहेरी थराची असतात. गोलिकेचे आवरण मात्र एकेरी. याचे कारण तिच्या जन्मात आहे. प्रकाशसंश्लेषण जिथे चालते त्या थायलॅकॉइड पटलाच्या काठावर, दोन थरांच्या मध्ये मेद साचतो आणि बाहेरचा थर त्याच्याभोवती फुगून येतो. ही जोडणी पुढेही टिकते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. गोलिका सुटी तरंगत नाही. पटल आणि गोलिका यांच्यात रेणूंची ये-जा होऊ शकते ती यामुळेच. शेंगदाण्यासारख्या बियांतील तैलकाय वेगळे: ते पेशीद्रव्यात, अंतर्द्रव्य जालिकेपासून तयार होतात.

गाभ्यात ट्रायग्लिसराइडे, प्लास्टोक्विनोन, टोकोफेरॉल म्हणजे ई जीवनसत्त्व, आणि कॅरोटिनॉइडे असतात. मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या वनस्पतीच्या गोलिकांत सुमारे ३० प्रथिने सापडली आहेत. त्यांपैकी फायब्रिलिने पृष्ठभागाला आधार देतात. टोकोफेरॉल सायक्लेज हे विकर ई जीवनसत्त्वाच्या घडणीतील एक टप्पा पार पाडते. म्हणजे गोलिका कोठार आहे तशी कार्यशाळाही आहे.

तिचे मोल कळते ते संकटात. प्रखर ऊन, पाण्याची टंचाई किंवा नत्राची कमतरता असली की गोलिका वाढतात, फुगतात. पान पिवळे पडू लागल्यावर तर हे विशेष दिसते. हरितद्रव्य मोडताना फायटॉल सुटतो, पटले मोडताना मेदाम्ले सुटतात. दोन्ही मोकळी राहिली तर पेशीला घातक. गोलिकेतील विकरे त्यांची एकमेकांशी सांगड घालून निरुपद्रवी एस्टरे बनवतात. पान मरत असतानाही त्यातली मोडतोड इतकी शिस्तीत चालते, त्यात या कणांचा मोठा वाटा आहे.

फळ पिकताना हरितलवकाचे वर्णलवक, म्हणजे रंगीत लवक, होते. आंब्याच्या गरात कॅरोटीन मोठ्या गोलिकांत विरघळलेल्या रूपात असते, तर गाजरात ते बहुतांशी स्फटिकरूप असते. स्फटिकांपेक्षा विरघळलेले कॅरोटीन आपले आतडे सहज शोषते. क्लॅमिडोमोनास या शैवालाचा प्रकाशवेधी नेत्रबिंदूही कॅरोटिनॉइडांनी भरलेल्या अशाच गोलिकांच्या थरांचा असतो.